दोनदा धुतलेल्या जखमा

३ नोव्हेंबर, सोमवार

रोह्याला पोचलो. आमच्या गावाहून, जित्याहून, सकाळच्या गाडीला खिडकी मिळाली. रुग्णालय लहान आहे, पण फरशी अशी लखलखीत की चप्पल बाहेर काढून आलो, तर सगळे हसले. वॉर्डबॉय म्हणून घेतलं आहे. नववीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन सोडलं नाही, ते आज कामी आलं. बेसिनवरच्या पाटीवर ‘हाथ धूवा’ होतं, ते पुसून ‘हात धुवा’ असं लिहिलं. डॉक्टर मॅडमनी शाबासकी दिली.

इथे वॉर्डबॉयला म्हातारीकोतारीसुद्धा ‘मामा’ म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बहीण नाय नि मामा झाला!

५ नोव्हेंबर, बुधवार

रंभामावशी इथल्या जुन्या आया. त्या काम शिकवतात. ड्रेसिंगच्या खोलीत तोटीचं स्टीलचं पिंप आहे, त्यात जंतू मारायचं लोशन असतं. आपले हात आणि पेशंटच्या जखमा त्यानेच धुवायच्या. कमी झालं की वरून बाटली आणि पाणी ओतायचं. आधी रिकामं करून घासायचं का, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, “औषधाला कसला रं मळ? साबन कोन साबनानं धुतो काय?”

पटलं. मात्र एकदा धुऊन मला चैन पडत नाही. मी प्रत्येक जखम दोनदा धुतो. मावशींनी माझं नाव ‘सोवळा’ ठेवलं आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

चार नंबरला जितेश आहे. धाटावच्या कंपनीत शिफ्टला जाताना त्याची दुचाकी घसरली, पायात सळई घातली आहे. माझ्याहून मोठा, तरी ओरडतो, मामा, भाच्याला बिडी पाजा! त्याची बायको नूतन म्हणते, गप पडा, नायतर मामा सुई टोचतील. पाच नंबरचे कमळाकरकाका पेणला गणपती रंगवतात. ते म्हणतात, याचं तोंड मला द्या, शाडूने बुजवतो.

रात्री जितेश हळूच म्हणाला, पाय गेला तर कंपनी ठेवायची नाय. मी त्याला शब्द दिला, तुमची जखम दुसऱ्या कोणाला धुऊ देणार नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जितेशची जखम हिरवट दिसते. गोडसर, कुजका वास येतो. ताप उतरत नाही. मॅडमनी औषध बदललं. मी आता त्याची जखम तीनदा धुतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडम नूतनला सांगत होत्या की आपल्याकडचं एकही औषध या जंतूला लागू पडत नाही, आणि तो बाहेरून आलेला नाही, इथेच लागला. नूतन म्हणाली, इथं तर बरं करायला आणलावता.

दुपारी जितेश तापाच्या भ्रमात उठला. सलाईनचा स्टँड उपटून त्याने कमळाकरकाकांच्या तोंडावर घातला. पुन्हा घातला. दात फरशीवर उडाले. मी मागून मिठी मारली, तर त्याने माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले आणि सोडेना. हाडावर दात घासल्याचा आवाज मला ऐकू आला. नूतन त्याच्या थोबाडीत मारत होती, रडत होती, सोडा वो, मामा हाय तो!

हात पिंपाच्या तोटीखाली धरला. बराच वेळ.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जितेशचा पाय मांडीपासून कापला. पिवळ्या पिशवीत घालून मीच खाली नेला. टाच अजून गरम होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जितेश गेला. नूतनने माझी कॉलर धरली. म्हणाली, मामा, शब्द दिलावता.

कमळाकरकाकांनाही ताप. जखमांना तोच वास. मॅडमनी सगळ्या वस्तू तपासायला घेतल्या. पिंपाचं झाकण काढून हात आत घातला, आतून फिरवला. हातमोजा बाहेर आला तो बुळबुळीत, न घासलेल्या माठासारखा. जुन्यातले जंतू उरले आणि नव्यात वाढले, म्हणाल्या, औषधातच जगायला शिकलेत. कोण भरतं हे?

मी म्हटलं, मी. मावशी म्हणाल्या, मी शिकवला त्याला. मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, आणि मी कधी झाकण उघडलं नाही.

इतरांना मी दोनदा धुतलं. जितेशला तीनदा.

२० नोव्हेंबर

हात कोपरापर्यंत सुजला. डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट आहे. वास माझाच येतो.

२१ नोव्हेंबर

उजवा हात खाटेला बांधला आहे. म्हणतात, मी मावशींचा कान — आठवत नाही. तोंडात रक्ताची चव आहे. माझं नाही.

मावशी डोक्याला पट्टी बांधून आल्या. म्हणाल्या, सोवळ्या, बाटवलास रं मला. हसल्या. मला मान वर करवेना.

उद्या पनवेलला नेणार. हात काढणार.

२२

आई आली. आत सोडू नका म्हणून ओरडलो. कोणी नाही. सगळे गाडीपाशी —

तिचे हात. मिठागरात राबलेले. बोटाबोटाला भेगा, आतलं मांस दिसतं. माझी पट्टी गळते आहे. हिरवं.

कोनी बांधला रं माज्या पोराला, म्हणते. गाठीला हात घालते. आई, लांब हो. हातमोजे घाल. म्हणते, आयशीला कसलं रं मोजं —

लाथ मारली. पोटात. पडली.

उठली. म्हणते, ताप बोलतो, तू नाय. दातांनी गाठ सोडते —

पुन्हा मारली. तोंडावर. ओठ फुटला. आई, जा. जा ना —

हसते आहे. पट्टी उलगडली. उघड्या बोटांनी माझी जखम पुसते —