नरांची टाकी

तलासरी, २१ जून २०२४

चि. तुषारला वर्षाताईचे अ. आ.

इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. फोनवर बोलायला लागले की सासूबाई चूल सोडून दारात येऊन उभ्या राहतात, म्हणून हे पत्र.

यंदा आमच्या तळ्यावर रोहू माशाचं बियाणं, म्हणजे विकायची पिल्लं, करायचं ठरलं. तुझ्या दाजींनी, धनेशने, माद्यांना आणि नरांना इंजेक्शन दिलं. सकाळी माद्यांची पोटं हलकेच दाबून मी अंडी काढली, नरांचं वीर्य, आम्ही दूध म्हणतो ते, वर घातलं, कोंबडीच्या पिसाने हलवलं. दुसऱ्या दिवशी हौदात बघते तर एकूण एक अंडी पांढरीफट, मेलेली.

सासूबाईंनी अख्ख्या पाड्यासमोर सांगितलं की वांझेचा हात लागला, पिल्लं निघतील कशी! आणि धनेश? खाली मान घालून जाळं धूत बसला. संध्याकाळी मला म्हणतो, पुढच्या वेळी अंडी रूपी काढेल. रूपी म्हणजे माझी जाऊ, तिला तीन पोरं आहेत ना! तळपायाची आग मस्तकात गेली रे. लग्नाला सहा वर्षं झाली. कासा गावच्या दवाखान्यात मी एकटीच खेटे घालते. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन ये. तो येत नाही, आणि हे कुणाला सांगूही देत नाही. त्याची म्हणे लाज जाते. माझी रोज जाते ती?

तू रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकतोस. सांग मला, माझ्या हातात खोट आहे का? लवकर लिही.

तुझी ताई

---

रत्नागिरी, २८ जून

ती. ताईस तुषारचा सा. न. वि. वि.

तुझ्या हातात काडीची खोट नाही. मला संशय नरांचा आहे. दिवाळीत आलो तेव्हा माद्या मोठ्या तळ्यात होत्या, सगळी पेंड त्यांनाच. नर मात्र घरामागच्या टाकीत एकमेकांवर चढलेले. दाजी हसून म्हणाले होते, नराला काय लागतं, सुई टोचली की झालं.

तसं नसतं गं. माशाच्या मेंदूखाली एक बारीकशी ग्रंथी असते. ती रक्तातून निरोप धाडते, मग वृषणात नराचं संप्रेरक तयार होतं आणि त्याच्या जोरावर शुक्राणू पिकतात. याला कित्येक आठवडे लागतात. नर उपाशी असला, गर्दीत घुसमटला, की तो निरोपच नीट जात नाही. इंजेक्शन फक्त पिकलेलं बाहेर सोडतं. आत काही पिकलंच नसेल तर नुसतं पाणी येणार. दूध पातळ होतं का? आश्रमशाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब बघा. आणि नरांना आता मोठ्या तळ्यात सोडून महिनाभर तरी चांगलं खाऊ घाला.

फक्त हे दाजींना जरा हळू सांग. उगाच भांडण नको. तब्येत जप, आणि रागात का होईना, लिहीत जा.

तुझा तुषार

---

तलासरी, ४ जुलै

चि. तुषार, आशीर्वाद आहेत, पण आज थोडे कमी.

हळू सांगू? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच सांगतोस की ओरडू नको! शिकून शहाणा झालास, पण शेवटी पुरुषच.

मी हळू सांगितलं नाही. तुझं पत्र धनेशसमोर मोठ्याने वाचलं, एका नराचं दूध बाटलीत घेतलं आणि त्याला ओढत आश्रमशाळेत नेलं. दूध कसलं, भाताची पेज बरी! गुरुजींनी काचेवर थेंब ठेवला, पाणी सोडलं. मी पाहिलं, इनमिन दोन-चार ठिपके हलत होते. धनेश बराच वेळ डोळा लावून बसला होता. घरी आल्यावर टाकी उपसून नर मोठ्या तळ्यात सोडले.

म्हणजे माशांच्या नरांची तपासणी होते. घरातल्याची नाही. एवढं मनात ठेव.

ताई

---

कासा, १३ ऑगस्ट

चि. तुषारला पोटभर आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात पुन्हा इंजेक्शन दिलं. या वेळी दूध घट्ट, पांढरंशुभ्र. सासूबाईंनी रूपीला पुढे केलं, तर रूपीने पीस माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, मला येत नाही, वर्षालाच येतं. पोरगी गुणाची निघाली! दुसऱ्या दिवशी अंडी काचेच्या मण्यांसारखी, आणि आत पिल्लं वळवळत होती.

सासूबाई हात जोडून म्हणाल्या, देवाची कृपा. मी म्हटलं, हो, आणि नरांना घातलेल्या पेंडीची. मग थांबलेच नाही. पिल्लं बघायला पाडा जमला होता, तो जमलेलाच बरा. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. धनेश म्हणाला, खरं आहे, मीच गेलो नाही.

आज जीपने आम्ही दोघं इथे आलो. केसपेपर पहिल्यांदा त्याच्या नावाचा निघाला. दवाखान्याच्या बाकावर बसून हे लिहितेय. तो शेजारी चुळबुळतोय. मघाशी विचारत होता, अजून किती वेळ लागेल. मी सांगितलं, मला सहा वर्षं लागली, तू तासभर बस.

माया आहे ती तशीच ठेव. राग माझा मी सांभाळते.

तुझी ताई