चौथ्या कोपऱ्याचं फूल

प्रिय पास्कीन अक्का,

देव तुझं बरं करो. आधी तक्रार ऐक. बेंगळुरूत आम्हाला निजायला दिलेली गादी इतकी मऊ आहे, की कूस बदलायची तर अगोदर स्वतःला शोधावं लागतं. बाकी मी सुखरूप. तुझे डोळे कसे आहेत? सुई कोण ओवून देतं?

प्रदर्शनात आपल्या गोधड्या बऱ्या खपतात. हल्याळच्या बाजारात आपलं दुकान, पाटीवर तुझं नाव आधी, इथवर मी मनात पोचलेही होते. तेवढ्यात समोरच्या भिंतीवर आईची गोधडी दिसली. कडेपासून आत आत फिरत गेलेले तिचे टाके, आणि पुढे माणसं इगर्जीत प्रार्थनेला उभी असावीत तशी गप्प. शिवून पुरी होण्याआधीच जिच्याखाली आपण लाथा मारत भांडलो, ती एवढी मोठी होती, अक्का!

मग कोपरे पाहिले. चिंध्यांच्या घड्यांची फुलं तीनच. चौथं लावायचं सोडून मी जत्रेला पळाले होते, आणि बेंगळुरूच्या शांतलाबाई त्याच दिवशी गोधडी विकत घेऊन गेल्या. चारी कोपऱ्यांना फुलं नसली तर गोधडी नागडी, म्हणून आई शेवटपर्यंत तिच्याबद्दल म्हणायची, "पोर नागडीच सासरी धाडली."

प्रदर्शन त्याच शांतलाबाईंचं. मी म्हटलं, "बाई, ही अजून नागडी आहे."

"लोकांना तोच कोपरा आवडतो गं."

"आवडेल. थंडी तिला वाजते."

हसत हसत त्यांनीच स्टूल आणून दिलं. मी माझ्या लुगड्याच्या काठाची चिंधी कापली, तिच्या घड्या घातल्या आणि चौथं फूल लावून दिलं.

तुझी,
रुजाय