शर्ट मीच घालणार

पुणे

अव्वा,

तुला शरणार्थी, नमस्कार. मी बरा हाय, जेवण जातंय. पण तुझ्यावर लई चिडलोय, ते आधी ऐक.

तू दवाखान्यात आलीस त्या दिवशी माझा तोल तपासत होते. टेकू न घेता, कॉटच्या कडेला बसून टी-शर्ट घालायचा होता. डोकं शर्टात असताना मी जरा डुललो, तर तू ओरडत येऊन मिठीच मारलीस! अगं, डुलू दे की! डुलल्यावर मी सावरतो का, तेच व्यायाम घेणाऱ्या कीर्ती मॅडम बघत होत्या. त्यांनी तपासणीच थांबवली. खांबावरून पडून मणका माझा मोडला, पण भीती तुझ्या अंगात बसलीय.

आज परत बसवलं. मी डुललो आणि गादीवर कलंडलो. कुणी धरलं न्हाय. कोपरावर उठलो, बसलो आणि शर्ट घातला. उलटा घातला, पण मीच घातला.

तुझी कंबर कशी हाय? मला उचलून उचलूनच गेली ना ती?

दिवाळीला सोलापूरला येतोय. नवा शर्ट कॉटवर ठेव आणि बाहेरून दार ओढून घे. आत धप्पकन आवाज आला तरी यायचं न्हाय.

तुझाच लेक,
शरणबसव