रकाना सहा

मंगळवार, ४ मार्च

प्रभागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. धाकट्या जावेला नदीपलीकडचा प्रभाग, मला आपलाच — घरापासून बाजारापर्यंत. "बरं झालं ताई, तुम्हाला फार चालावं लागणार नाही," म्हणाली. म्हणजे मी म्हातारी! छत्तिसावं चालू आहे मला, शंभरी नाही गाठली अजून.

नगरपालिकेची गणना. शहरात मूळ रहिवासी किती, किनाऱ्यावरून आलेले किती, डोंगरी किती, बेटांवरचे किती, मिश्र किती. सहा आठवड्यांचं काम, आम्ही अकराजणी. पण खरी गोष्ट वेगळीच आहे — काम संपल्यावर कार्यालयात एक कायमची जागा भरणार. एकच! चौदा वर्षं या घरात राबते आहे, माझं म्हणावं असं काही नाही. ती जागा मला हवी. आणि अर्ज आमच्या घरातून दोन. जाऊबाईंनाही हौस आली! लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत, दिराने डोंगरातून आणली, आणि आता माझ्याच ताटात हात.

गुरुवार, ६ मार्च

प्रशिक्षण. तपासनीस बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, अजून छडी हातात असल्यासारख्याच बोलतात. "रकाना सहा. विचारायचं — तुम्ही स्वतःला कोणत्या समाजाचे मानता? माणूस सांगेल ते लिहायचं. तोंड बघून नाही, आडनाव वाचून नाही, बोलणं ऐकून नाही."

धाकटी पहिल्या बाकावर. सगळं उतरवून घेत होती, माना डोलवत! मी मनात म्हटलं, बाई, जन्म या शहरात गेला माझा. माणूस पाठमोरा जिना चढत असला तरी सांगेन कुठला ते.

मंगळवार, ११ मार्च

आज सव्वीस घरं. धाकटीची नऊ! नऊ घरं केली आणि वर दमली म्हणे. सासूबाईंनी तिच्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. मी आले तर, "आलीस? कपडे काढ दोरीवरचे, ढग आलेत."

रकाना सहा मी विचारतच नाही. चौदा वर्षं जिच्या कठड्यावर गप्पा मारते तिला "तुम्ही कोण हो?" विचारू? हसेल ती मला. दारावरची पाटी बघायची, तोंड बघायचं, झालं. मूळ, मूळ, किनारा, मूळ, मूळ.

आपल्या घराचा गणनेचा अर्ज चहा पिता पिता भरला. सासूबाई, हे, मी, लेक, भाऊजी — पाच मूळ. धाकटी डोंगरी. चहा निवायच्या आत काम संपलं.

शनिवार, १५ मार्च

धाकटी घरी आली की थेट सासूबाईंच्या खोलीत. तासभर! मी गेले की दोघी गप्प. मी काय परकी आहे? सासरे गेले तेव्हा या बाईचं डोकं कोणी मांडीवर घेतलं होतं — हिने? हिला तेव्हा हे घर कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. जळतेय मी, हो, जळतेय! इथे खोटं कशाला लिहू?

सोमवार, २४ मार्च

कार्यालयाच्या फळ्यावर आठवड्याची बेरीज. धाकटीच्या प्रभागात मिश्र — एकसष्ट. माझ्यात — दोन. बाई फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग धाकटीकडे बघून म्हणाल्या, "सविस्तर काम आहे हो तुमचं." माझ्याकडे बघून, "तुम्ही फार झपझप करता." झपझप! कौतुक होतं की टोमणा?

रविवार, ३० मार्च

दुपारी सगळे जेवायला एकत्र. भाऊजींनी बायकोच्या एकसष्टांचं कौतुक काढलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मिश्र म्हणजे ना धड इकडचे ना धड तिकडचे. बरे सगळे नदीपलीकडेच गोळा झालेत! आपल्या गल्लीत नाहीत असले."

कोणी हसलं नाही. लेक म्हणाली, "आई, असलं काय बोलतेस?" सासूबाई पानावरून उठल्या, भूक नाही म्हणाल्या. धाकटी त्यांच्यामागे गेली. आणि हे मला — "तुझ्या जिभेला हाड नाही का?"

म्हणजे सगळं घर तिचं. मी कामवाली.

बुधवार, २ एप्रिल

धाकटीने आकडे फुगवल्याचा पुरावा शोधायला नदीपलीकडे गेले. हो, गेले. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे. मी गणनेचीच आहे म्हटल्यावर त्याने मशीन थांबवलं, स्टूल पुसून दिलं.

म्हटलं, "तुमच्या नावापुढे मिश्र लिहिलंय. कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? मीच! आई बेटांवरची, वडील इथले. आजवर प्रत्येक कागदावर मला मूळ लिहिलं, विचारलं कोणीच नाही. त्या बाईंनी विचारलं. आईचं नावही विचारलं. अर्जात त्याला जागा नाही म्हणाल्या, पण ऐकून घेतलं." मग डोळे पुसले आणि हसला. "त्या बाई परत येणार आहेत का हो?"

सगळीकडे तिचंच! शिंपी, पाववाली, जिन्याखालचा घड्याळजी — "त्या बाई" बऱ्या आहेत ना? परत येताना पुलावर इतका राग आला की छत्री कठड्यावर आपटली. काडी मोडली. माझीच.

गुरुवार, ३ एप्रिल

तक्रार केली. सही करून. "आकडे फुगवलेले वाटतात, माणसांना बसवून बोलतं केलं जातं." शिंप्याचं लिहिलं नाही.

तिचं काम खरं आहे हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. नरकातसुद्धा जागा मिळायची नाही मला. पण ती जागा मिळू दे.

शुक्रवार, ४ एप्रिल

बाई म्हणाल्या, "तपासायचं तर दोन्ही प्रभाग. तुमचाही, तिचाही. न्याय म्हणजे न्याय."

हा विचार मी केलाच नव्हता!

शनिवार, १२ एप्रिल

तपासनीस बाई आज आपल्या गल्लीत होत्या. मी आतून पडदा धरून उभी. घरोघर बसत होत्या, पाणी पीत होत्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मला बाहेर पाठवलं — "ज्याचं काम तपासायचं तो समोर नको." सासूबाईंशी एकट्याच बोलल्या. पाऊण तास.

धाकटी घरीच होती. तक्रार मीच केली हे तिला नक्की कळलंय. तरी म्हणाली, "ताई, चहा करू का?" नको म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, १५ एप्रिल

धाकटीच्या चुका तीन. माझ्या — एक्केचाळीस.

सगळ्यांच्या देखत गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तुमच्या प्रभागात माणसं राहतात की तुमचे अंदाज राहतात?" अकराजणींत एकीने खाली मान घातली, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

नियम असा — ज्याने चुकवलं त्यानेच पुन्हा त्या दारात जायचं, प्रश्न पूर्ण विचारायचा, लाल शाईने दुरुस्त करायचं, खाली सही. खरं उत्तर तपासनीस सांगत नाहीत. नुसता ओळीवर गोल.

गठ्ठ्यात आमच्या घराचाही अर्ज आहे. पहिल्या ओळीवर गोल. सासूबाईंच्या. बाईंचीच काहीतरी गफलत झाली असणार.

शुक्रवार, १८ एप्रिल

यादी लागली. जागा धाकटीची.

शनिवार, १९ एप्रिल

तिने पाया पडायला वाकायचं, आणि मी आशीर्वाद द्यायचा! दिला. तोंडातल्या तोंडात. दार लावून रडले. हे म्हणाले, "अगं, घरातच आली ना नोकरी." घरातच! यांना काय कळतंय.

सोमवार, २१ एप्रिल

सव्वीस दारं झाली. शेजारीणबाईंना विचारलं, तर हसल्या नाहीत. "वडील किनाऱ्याचे, आई डोंगरातली. मिश्र लिही," म्हणाल्या. चौदा वर्षं कठड्यावर गप्पा! मी म्हटलं, कधी बोलला नाहीत? तर म्हणतात, "तू बोलू कुठे देतेस?"

मंगळवार, २२ एप्रिल

चाळीस झाली. एक उरलं, आमचंच. उद्या मुदत संपते.

बुधवार, २३ एप्रिल

दुपारी सासूबाईंच्या खोलीत गेले. उभी राहूनच, हातात लाल पेन, प्रश्न पूर्ण विचारला.

"डोंगरी," म्हणाल्या. "लिही." मग स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं. आईचंही. "तुझे सासरे म्हणाले होते, या गल्लीत बोलायचं नाही. पोरांनाही सांगितलं नाही मी. मग राहूनच गेलं."

लिहिलं. आता यांना आणि भाऊजींना पुन्हा विचारावं लागेल. त्यांना अजून काही ठाऊक नाही. लेक लहान, तिची ओळ मीच भरायची. मूळ खोडलं. मिश्र लिहिलं. सही केली.

"धाकटीला कधी सांगितलंत?" मी विचारलं.

"तिने विचारलं तेव्हा," म्हणाल्या. "लग्नाच्या तिसऱ्या दिवशी."