भिंतीवरची टाइल

गुरुवार, ७ नोव्हेंबर २००२

संध्याकाळी दुकान बंद करताना मागच्या भिंतीपलीकडून दोन हमालांचं बोलणं कानावर आलं. माझे कान तिखट, तेच नडलं.

"इथं नको मुतू रे, शेठनी देव बसवलाय."

"कोणाचा?"

"त्याचाच. राखणीला ठेवलाय!"

दोघं हसत पुढं गेले.

लोक भिंत घाण करतात म्हणून दुकानातलीच येशूची टाइल मी तिथं चिकटवली होती. दुसऱ्यांचा देव लावला तर भांडण, आपल्याचं कोण विचारतंय? केवढा हुशार मी! मार्था तेव्हाच म्हणाली होती, "प्रभूचं चित्र मुळात करूच नये, आणि तुम्ही ते मुतारीवर लावताय? तुमच्या बाबांचा फोटो लावाल तिथं?" बायकोची मी चेष्टा केली. चार लोकांत सांगून हशाही मिळवला.

राखणीला. खरंच की, बिनपगारी कामाला ठेवला होता मी त्याला.

छिन्नी घेऊन टाइल काढली. कोपरा उडालाच. घरी येऊन मार्थाला सगळं सांगितलं. वाटलं, आता ऐकवेल. पण चित्र नको म्हणणाऱ्या त्याच बाईनं टाइल धुतली, पदरानं पुसली आणि हळूच विचारलं, "आता कुठं ठेवायची?"