आईला वाजणारी थंडी

चि. धम्मपाल यास,

ताईचा जय भीम. एरवी मी 'सप्रेम जय भीम' लिहिते. या वेळी 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे, घाईत राहून गेलं असं समजू नकोस. तुझी तब्येत उत्तम असणार, कारण दुसऱ्याच्या घरातल्या गारठ्याची चौकशी करायला ज्याला फुरसत असते त्याला स्वतःला काही होत नाही. राखीचा गुडघा कसा आहे ते कळव. तिला आणि हर्षलला माझा आशीर्वाद सांग, त्या मायलेकांवर माझा राग नाही. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. (मजेत नाही. पण पत्रात तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.)

तू म्हणशील, आजच्या काळात ताई पत्र कसलं लिहिते. फोनवर मी बोलायला सुरुवात केली की तुझ्या स्टेशनात नेमकी गाडी येते आणि तुला काही ऐकू येईनासं होतं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा होतोस. म्हणून हा कागद आमच्या समोरच्या नवनाथच्या हाती पाठवते आहे. तो रोज मनमाडला अप-डाऊन करतो. त्याला बजावून ठेवलं आहे, की धम्मपाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचत नाही तोवर समोरून हलायचं नाही. त्याला चहा पाज आणि वाच.

काकांच्या चैतालीच्या साखरपुड्यात, जेवणाच्या पंगतीत, सगळे नातेवाईक बसलेले असताना तू मोठ्या आवाजात म्हणालास, की ताईच्या घरात आई थंडीनं काकडते, म्हणून या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तिला मनमाडला घेऊन जाणार. हे तू मला आधी फोनवर सांगू शकला असतास. बाजूला घेऊन सांगू शकला असतास. पण नाही, तुला जिलेबी वाढणाऱ्यालासुद्धा कळवायचं होतं. आणि तानुबाई आत्याला तर आयतंच मिळालं. तिनं लगेच उसासा टाकून सांगितलं, की लेकीच्या घरी राहिलं की म्हातारपणी असंच व्हायचं, शेवटी लेक तो लेक. हीच आत्या बाबा गेल्यावर आईला चार दिवस ठेवून घ्यायची वेळ आली तेव्हा गुडघे दुखतात म्हणून घरी बसली होती. मी तेव्हाच ताट बाजूला सारणार होते, पण तुझ्या दाजींनी टेबलाखालून माझा पाय दाबला. (त्यांचा बूट नवा होता. त्याचाही राग आहे.)

घर गार आहे, हे मला काय तू सांगायला हवं का? आमच्या अंबडच्या घरात पूर्वी सकाळचं कोवळं ऊन थेट देव्हा... म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोपर्यंत यायचं. (शेजारणीच्या संगतीनं माझ्याही तोंडात तिचे शब्द यायला लागलेत, तेवढं मनावर घेऊ नकोस.) मग पूर्वेला ती उंच इमारत उभी राहिली. आता ऊन आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर येतं, पाहुण्यासारखं, आणि चहाच्या आत निघून जातं. पेपरवाले रोज निफाडचा पारा पहिल्या पानावर छापतात, आमच्या स्वयंपाकघराचा पारा कोणी विचारत नाही. मला स्वतःला विचारशील तर मला थंडी वाजत नाही. थंडी वाजायला माणसाला बसायला वेळ लागतो. सकाळची शाळा असते, त्याआधी भांडी, कणीक, दोघांचे डबे, आणि टाकीचं पाणी असं की हात घातला की बोटं आपली आहेत की नाहीत ते मोजून बघावं लागतं. पण ते असो, प्रश्न आईचा होता. साखरपुड्याहून परत येताना रिक्षातच मी तुझ्या दाजींना सांगितलं, की त्या रविवारच्या आत घरात हीटर आला पाहिजे आणि धम्मपाल येईल तेव्हा त्याला घाम फुटला पाहिजे.

आता तुझे दाजी कंपनीत स्टोअरला आहेत हे तुला माहीत आहे. तिथे झाडू घ्यायचा तरी तीन दुकानांची कोटेशन मागवतात. तीच पद्धत त्यांनी घरी लावली. मी म्हटलं, अहो, कोटेशन येईपर्यंत उन्हाळा येईल. पण त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या दुकानदारानं हीटर म्हटल्यावर बादलीत टाकायचा रॉड काढून दिला. दुसऱ्यानं गिझर दाखवला. खोली गरम करायचा हीटर हवा, असं सांगितल्यावर तो आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, नाशकात? जणू मी जहाज मागायला आले होते. त्रिमूर्ती चौकाजवळच्या तिसऱ्याकडे मात्र माळ्यावर एक होता, लाल तापणाऱ्या कांड्यांचा, समोर जाळी असलेला. त्याचं कोटेशन मागायच्या आत मी तो उचलून रिक्षात ठेवला.

हीटर आईच्या खोलीत लावला. कांड्या लालबुंद झाल्या, आई खूश झाली. मी शाळेचे पेपर तपासायला बसले आणि थोड्या वेळानं भरताचा वास आला. मला वाटलं शेजारी करत असतील. मग फाट् असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. तुझे दाजी न्हाणीघरात डोळ्यांना साबण लावून उभे होते, ते तिथूनच आपल्याला न शोभणारं काहीतरी बोलले. झालं होतं असं, की आईनं हीटर आडवा करून जाळीवर वांगं भाजायला ठेवलं होतं. वांगं फुटलं आणि त्याचं पाणी तापल्या कांडीवर पडलं. मी ओरडले, तर तिचं म्हणणं असं, की एवढा विस्तव पेटवायचा आणि त्याच्यावर काही ठेवायचं नाही, हे तिनं जन्मात पाहिलेलं नाही. रिकामी चूल जळत ठेवणं म्हणजे माज. वर मलाच विचारते, तेल लावलं होतं ना वांग्याला, मग फुटलं कसं. मी हीटर परत घेऊन गेले. दुकानदारानं जाळीतून एक देठ काढून माझ्यासमोर काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, मॅडम, वॉरंटीत वांगं बसत नाही. तिथे माझ्या वर्गातल्या मुलीची आई मिक्सर घ्यायला आली होती. आता शाळेत काय चर्चा असेल त्याची कल्पना कर.

मग तुझ्या दाजींनी ब्लोअर आणला. त्याचं त्यांनी कोटेशन घेतलं होतं, म्हणून त्यांचा त्याच्यावर विश्वास होता. तो गरम वारा फेकतो आणि पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो. चालेल म्हटलं, पण तो थोडा वेळ चालून आपोआप बंद पडायचा. दाजी दुकानात घेऊन जायचे, तिथे तो छान चालायचा. घरी आणला की पुन्हा बंद. दुकानदाराला वाटायला लागलं आम्हाला काही कामधंदा नाही. शेवटी मी एकदा दाराआडून बघितलं, तर आई ब्लोअरला गोधडी पांघरत होती. चारही बाजूंनी नीट खोचून. कारण काय, तर ऊब वाया जाते. भाकरी फडक्यात गुंडाळली तर गरम राहते, मग हा का नाही राहणार? घर पेटलं असतं, धम्मपाल. यंत्राला अक्कल होती म्हणून ते स्वतःच बंद पडत होतं. मी त्या दिवशी आईला इतकं बोलले की नंतर जेवण गेलं नाही. आणि मला जेवण गेलं नाही याचाही तुझ्यावरच राग आला, कारण मुळात तुझ्या तोंडामुळे हे सगळं घरात आलं.

तिसरा आणला तेलाचा. फण्याफण्यांचा, खाली चाकं, जड, दिसायला अगदी सरकारी. त्यात तेल भरलेलं असतं, ते तापतं आणि खोली हळूहळू गरम होते. आवाज नाही, विस्तव नाही, वांगं ठेवायला जागा नाही. पण तेल म्हटल्यावर आईनं लगेच विचारलं, घालायचं कुठून. मी सांगितलं, घालायचं नसतं, कारखान्यातच घालून बंद करतात. ती म्हणाली, "एकदा तेल घातलं आन् जन्मभर पुरलं, असा दिवा मी नाय पाह्यला. फसवलं तुम्हाला." आपल्याला फसवलं म्हटल्यावर दाजी रात्री उठून पावती पुन्हा पुन्हा वाचत बसले. त्यात आणखी भर म्हणजे त्याची पिन जाड, आणि तशी पिन बसणारं सॉकेट घरात एकच, स्वयंपाकघरात. दाजींनी एक्स्टेंशन बोर्ड लावला. बोर्डाचं प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलं. मग वायरमन आला, आईच्या खोलीची भिंत फोडली, जाड वायर ओढली, खास तिच्या पलंगाशेजारी नवा पॉइंट केला. भिंतीचं सिमेंट माझ्या धुतलेल्या साड्यांवर. मी काही बोलले नाही. (बोलले. पण कमी.)

एवढं सगळं झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते, तर मागून खडखड आवाज. आई तो अवजड हीटर चाकांवर ओढत स्वयंपाकघरात घेऊन येत होती. जुन्या सॉकेटमध्ये लावला, माझ्या पायाशी ठेवला आणि शेजारी पाटावर बसली. मी म्हटलं, अगं तुझ्या खोलीत भिंत फोडून पॉइंट केलाय, तिथे बस. "मला इथंच बरं वाटतं." मी तो परत नेऊन ठेवला. पुढच्या सकाळी पुन्हा खडखड. रोज हेच. मी डबा भरायला वळले की त्याला धडकते, पोटऱ्या भाजून निघतात, आणि ही पाटावर बसून हरभऱ्याची भाजी निवडते, अंगात साधा स्वेटरसुद्धा नाही. ज्या बाईला थंडी वाजते ती स्वेटर काढून बसते, हे कुठलं शास्त्र?

तेव्हा आता माझं ऐक. मी दमले. आईचं वय झालं, तिचं चुकत नाही, पण मला शाळा आहे, घर आहे, आणि वर तुम्हा सगळ्यांच्या पंगतीतले टोमणे आहेत. रविवारी ये आणि आईला घेऊन जा. तिची पिशवी मी आजच भरून ठेवते. तिकडे तुझ्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिला किती ऊब मिळते ते मी पुढच्या लग्नात, जिलेबीच्या वेळी, सगळ्यांसमोर विचारीन.

तुझी थोरली बहीण,
छाया

ता. क. ब्लोअर दुकानदारानं परत घेतला नाही. तुला हवा असेल तर नवनाथबरोबर पाठवते. गोधडी घालू नये.

ता. क. पाकीट चिकटवून झालं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. मी आईची पिशवी भरायला गेले, तर ती कॉटवर बसून बघत होती. मी रागातच विचारलं, मनमाडला इथल्यापेक्षा गार असतं, तिथे तुला थंडी वाजली तर? तर म्हणते, "मला कुठं वाजती थंडी. शेतात पहाटे पाणी भरणारी बाई मी." मग थंडी वाजते असं धम्माला का सांगितलंस? तेव्हा तिनं माझे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, ते मी कधी नीट बघितलं नव्हतं. म्हणाली, "मंग काय सांगू? जावयाच्या घरात राहून जावयाला सांगू का, तुमची बायको गारठ्यात राबती म्हणून? तुझ्या नावानं मागितला असता तर तूच नको म्हनली असती. माझ्या नावानं मागितला, आला." धम्मपाल, मला आधी प्रचंड राग आला. तिचा, तुझा, दाजींचा, त्या दुकानदाराचा. मग रडू आलं. ती म्हणाली, रडू नको, हीटर चालू आहे, बिल येतंय.

ता. क. शेवटचं. मी तिला विचारलं, इथे राहायचंय का. ती नुसती पिशवीची घडी घालत बसली. मुलगा न्यायला आल्यावर नको म्हणणं तिच्या तोंडून यायचं नाही. आणि मी राहा म्हटलं तर आत्या सांगत फिरेल, की लेकीनं म्हातारीला अडवून ठेवलं. म्हणजे नाही म्हणणारा तूच उरलास. रविवारी ये, पोटभर जेव आणि एकटाच परत जा. कारण काय सांगायचं तेही मीच देते. सरळ म्हणायचं, आई, माझ्या घरात फार थंडी आहे. जरा मोठ्यानं म्हण. आत्याला मी त्या दिवशी जेवायला बोलावलं आहे.