अमितच्या पाठीबद्दल खुलासा

लालबाग, मुंबई
मंगळवार, दुपारचे तीन (झोप लागत नाही)

तीर्थरूप ताईस,

चिंतामणीचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी उजवा गुडघा हल्ली नमस्कारात भाग घेत नाही, तेव्हा तूर्त सातांवर भागव.) तुझं बीपी कसं आहे, कंबर काय म्हणते, परसातल्या फणसाला यंदा किती लागलेत आणि शेजारच्या माडाच्या झावळ्या अजून तुझ्याच कौलांवर पडतात का, ते सविस्तर कळव. इथे सगळे खुशाल. विनीत ऑफिसात, अनुजा ऑफिसात, ध्रुव कॉलेजात आणि मी बाराव्या मजल्यावर, हॉलमधून गॅलरीत आणि गॅलरीतून पुन्हा हॉलमध्ये. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोन केला की अनुजा येता-जाता "स्पीकरवर टाका ना बाबा, आम्ही पण बोलतो" म्हणते, आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप ध्रुवच्या लॅपटॉपवरही उघडतं (कसं, ते त्याने मला दोनदा समजावलं, दोन्ही वेळा मी मान डोलावली). उरलं पोस्ट. तिथे हल्ली कुणाचं लक्ष नसतं.

तुझा नातू एव्हाना घरी पोचला असेल आणि त्याची पाठ तू पाहिली असशील. अमित गुणी मुलगा आहे, तो आपणहून काही बोलणार नाही, पण तू शर्ट काढायला लावला असशील हे मी ओळखून आहे. तर त्या पाठीबद्दल माझी बाजू तुला कळावी म्हणून हा खटाटोप. आणि नुसता पाठीचा प्रश्न नाही, ताई. महिनाअखेर विनीत ठरवणार आहे की मी यापुढे एकट्याने घराबाहेर पडायचं की नाही. (चार ओळी लिहून उठलो होतो. गॅलरीत जाऊन आलो. खाली काही नवीन नाही.)

माझी सवय तुला माहीत आहे. रिटायर झाल्यापासून रोज चारला निघायचं. कधी परळ, कधी प्रभादेवी, कधी पार दादर. बाजारात शिरायचं, पापलेटाचा भाव विचारायचा, "एवढा?" म्हणायचं आणि काहीही न घेता घरी यायचं. रखमा होती तेव्हा म्हणायची, या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, याला घरात बसवलं तर घरच फिरायला लागेल. ती गेल्यापासून तर मला संध्याकाळचं छताखाली बसवतच नाही. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जानेवारीत कॉटन ग्रीनच्या गोदामांजवळ एक इसम मागून आला, त्याने मोबाइलवर झडप घातली, मी प्रतिकार केला, झटापटीत चष्मा फुटला आणि पायजमा गुडघ्यावर फाटला, पण मोबाइल वाचला. हे तू ऐकलंच आहेस (स्पीकरवर). त्या इसमाची उंची मी विनीतला पाच फूट आठ इंच सांगितली आणि अनुजाला सहा फूट, त्यावरून घरात थोडी उलटतपासणी झाली. आता झटापटीत कुणी टेप काढून मोजतं का?

विनीतने फर्मान काढलं, बाबांनी एकट्याने खाली उतरायचं नाही, चार ते सहा सोबतीला बाई ठेवू. बाई! म्हणजे बाहत्तराव्या वर्षी मी कुणाचं तरी बोट धरून पापलेटाचा भाव विचारायला जायचं. मी दोन दिवस जेवलो नाही (दुपारचा). शेवटी अनुजाने मार्ग काढला. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सकाळी सातला ज्येष्ठांसाठी काठीने स्वसंरक्षण करायचा वर्ग निघतोय, तो बाबांनी न चुकवता करावा, काठी कायम हातात ठेवावी, तोवर दादरपर्यंत जायला हरकत नाही, आणि पुढचं मे-अखेर ठरवू. आता काठीचं म्हणशील तर मी ती जन्मात घेतली नसती. काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो, बसमध्ये पोरं उठून जागा देतात, फार अपमान होतो. पण हत्यार म्हणून घ्यायची तर गोष्ट वेगळी. मी चांगली शिसवी घेतली, पितळी मुठीची.

वर्ग घेणारी दीपिका नावाची अठ्ठावीसेक वर्षांची मुलगी आहे. अंगाने किरकोळ, पण आवाज असा की गंगाधर परब (दहावा मजला, ऐकायला कमी) कानातलं मशीन काढून वर्गाला येतो. पहिला महिनाभर तिने आम्हाला काठीला हात लावू दिला नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, म्हणजे शत्रू अचानक आला तर. वीस अंक मोजेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, म्हणजे शत्रू उशिरा आला तर. पावलापुढे पाऊल चिकटवून एका रेषेत चालायचं, म्हणजे तो अरुंद गल्लीत भेटला तर. मी एकदा विचारलं की मारायचं कधी, तर म्हणाली, "काका, आधी उभं राहायला शिकू, मारणं काय, कुणालाही येतं."

अखेर दुसऱ्या महिन्यात काठ्या उगारल्या आणि मूळ अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. आम्ही नऊ जण, नऊ जणांच्या नऊ काठ्या, आणि त्यातल्या निदान सात काठ्या माणसाला उभं ठेवण्याच्या कामावर आधीच नेमलेल्या. ती उचलून शत्रूवर धरली की खाली आपल्याला कोण धरणार? पहिल्याच दिवशी "उगारा" म्हटल्याबरोबर आमची अख्खी रांग एकमेकांवर कलली. मग जोड्या लावल्या, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने त्याची कंबर धरायची. माझ्या जोडीला रमाबाई आल्या, वय ब्याऐंशी, जन्म गिरणगावात पण बोली अजून मालवणची. मी जोशात काठी फिरवायला गेलो की त्या ओरडायच्या, "मेल्या, आधी माका धर, मगे चोराक बघया!" मी त्यांना धरायचो, त्या मला धरायच्या, चोराच्या वाट्याला कुणीच यायचं नाही.

आता अमितकडे येतो. (मध्ये चहा केला. साखर घातली की नाही आठवत नाही, म्हणून पुन्हा घातली.) गेल्या आठवड्यात दीपिका म्हणाली की खरी परीक्षा रस्त्यावर असते. एवढंच म्हणाली आणि बॅग उचलून गेली. यावर मी आणि गंगाधर लिफ्टपाशी अर्धा तास बोललो आणि आमचं एकमत झालं की ही आपल्या अंगावर रस्त्यात, न सांगता, कुणाला तरी घालणार. तेव्हापासून मला चैन नाही. वाण्याकडे मागे उभा असलेला माणूस जवळ सरकला की माझी मूठ घट्ट व्हायची. सिग्नलला एका गृहस्थाने वेळ विचारली, मी भिंतीला पाठ लावून सांगितली. गंगाधर तर दोन दिवस घरातून निघालाच नाही, आजारी असल्याचं कळवून टाकलं.

त्यात शुक्रवारी अमित परळला इंटरव्ह्यूला आला. त्याचा फोन आला, मी म्हटलं दादरला फुलबाजाराच्या तोंडाशी ये, मी उभा असतो. दोन वर्षांत त्याने दाढी वाढवली आहे हे तू मला कळवायला हवं होतंस. मी मोगऱ्याच्या टोपल्यांपाशी उभा. एवढ्यात एक दाढीवाला धटिंगण गर्दीतून बाजूने आला, हाक नाही, काही नाही, आणि एकदम खाली वाकून त्याने माझ्या पायांना हात घातला. मुंबईच्या फुटपाथवर भर पाच वाजता कुणी वाकून नमस्कार करील असं कुणाच्या मनात येईल? (संस्कार चांगले केलेस, पण जागा-वेळ बघायला शिकवलं नाहीस.) मला एकच दिसलं, की याने पाय धरले, परीक्षा सुरू झाली. आणि मी त्याच्या पाठीत काठी हाणली.

तो पडला तो तू त्याच्याबरोबर माझ्यासाठी दिलेल्या पिशवीवर. कोकमाच्या आगळाच्या दोन्ही बाटल्या फुटल्या आणि फुटपाथवर असा लालभडक ओघळ निघाला की फुलवाल्या बायकांनी किंकाळ्या फोडल्या. क्षणात पन्नास माणसं गोळा झाली. निम्म्यांनी म्हाताऱ्याने खून केला असं ठरवलं, निम्म्यांनी खाली पडलेला पाकीटमार आहे असं ठरवलं आणि ते त्याला धरायला पुढे सरसावले. मी "अहो, तो माझ्या बहिणीचा नातू आहे" असं ओरडतोय, तर एक जण मला म्हणतो, "काका, मग मारलं कशाला?" तेवढ्यात गर्दीतल्या एका गृहस्थाने खाली वाकून त्या ओघळात बोट बुडवलं, चाटलं आणि जाहीर केलं, "रक्त नाय, आगळ आसा." मग पुन्हा एकदा चाटून, "मीठ वाईच जास्त झाला." हे मी म्हणत नाही, ताई, तो म्हणाला. एवढ्यावर गर्दी पांगली.

घरी आल्यावर विनीत आधी भडकला, मग म्हणाला, एका तरण्या मुलाला आडवं करण्याइतकी ताकद बाबांच्यात आहे, हे मात्र मानलं पाहिजे. तेव्हा माझा विषय निम्मा तरी मार्गी लागला आहे. अमितला माझ्यातर्फे तेल लावून दे, त्याच्यावर राग धरू नकोस आणि माझ्यावरही धरू नकोस. आगळ जमल्यास एक बाटली पाठव. थोरांना नमस्कार लिहायला तुझ्याखेरीज आता कुणी उरलं नाही, तेव्हा सगळे तूच घे.

तुझा धाकटा,
चिंतामणी

ता. क. अमित तुला वेगळं काही सांगेल, म्हणून मीच आधी लिहितो. काठी मी उगारली, एवढं खरं. उगारल्यावर उजवा गुडघा गेला आणि मी त्याच्या पाठीवर आडवा झालो. वळ आहे तो काठीच्या मुठीचा, ती मध्ये सापडली. मार कुणी कुणाला दिला नाही. त्यानेच मला उचललं, कपडे झटकले, चष्मा शोधून दिला. मी म्हटलं, घरी सांगताना आजोबांनी मारलं असं सांग. तो नुसतं बरं म्हणाला.

आणखी ता. क. कॉटन ग्रीनलाही कुणी नव्हतं. पाय वळला आणि पडलो. बराच वेळ उठता येईना. ताई, मला फार भीती वाटली. दुखण्याची नाही. वाटलं, घरात कळलं की संपलं, आता हॉल आणि गॅलरी. म्हणून चोर आणला. तुझ्याजवळ काम आहे ते एवढंच: विनीतचा फोन आला तर अमितला सांग, आजोबांनी मारलं म्हण, आणि जोरात मारलं म्हण.

(अनुजा आली. तिला खाली चार ओळी लिहायच्या आहेत. वरचा भाग दुमडून स्टेपल केला आहे.)

ती. आत्यांस, अनुजाचा सा. नमस्कार. बाबा चष्मा शोधायला आत गेलेत (माझ्या पर्समध्ये आहे), तेवढ्यात लिहिते. पाकीट मीच चिकटवणार आहे. वर काय लिहिलंय ते वाचलेलं नाही, पण चोर असणारच. आत्या, चोर-बीर कुणी नव्हता. जानेवारीत ते पडले तेव्हा रस्त्यात पडलेला त्यांचा मोबाइल उचलून चहावाल्याने मलाच फोन लावला होता, काका पाय वळून पडलेत म्हणून. मी पोचेपर्यंत ते टॅक्सीने घरी येऊन गोष्ट सांगायला बसले होते. दीपिका फिजिओथेरपिस्ट आहे, मारामारीतलं तिला ओ की ठो कळत नाही. डॉक्टर दोन वर्षं काठी घ्या, व्यायाम करा म्हणत होते, यांनी ऐकलं नाही. चोरासाठी म्हटल्यावर एक दिवस चुकवला नाही. विनीत त्यांना अडवणार नाही, ते आमचं ठरलंय. फक्त वर्ग सुटू नये म्हणून अजून सांगितलेलं नाही. अमितनेही मला सगळं सांगितलं. तुम्ही एक करा. त्या बिचाऱ्या पोराला मारलंस का, म्हणून त्यांना खरमरीत पत्र लिहा, चांगलं झापा. कुठे पडलास, लागलं का, असं मात्र एका शब्दाने विचारू नका.

आपली,
अनुजा